नवाबचं आवतन

वाटूर,
चैत्र वद्य पंचमी, शके १८५६

दादा,

फाडायच्या आधी एवढं तरी वाच, की मी जिवंत आहे. बंदरावर तू म्हणाला होतास, निजामाच्या मोगलाईत गेलीस की मला मेलीस. तसं असेल तर हे मेलेल्या बहिणीचं पत्र समज. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, तेव्हा निवांत वाच.

तुला राग कशाचा जास्त आला, मी विधवा असून पाट लावला याचा, की गिरणीजवळच्या ज्या खानावळीत मी रांधायचे तिथे भेटलेल्या घाटावरच्या माणसाशी लावला याचा, ते मला अजून कळलेलं नाही. कडूबाला तू एकदाच पाहिलंस आणि त्याच्याशी अक्षर बोलला नाहीस. गिरणी बंद पडली तेव्हा तो म्हणाला, गावाकडे काळी जमीन आहे, आई आहे, एक बैल आहे. मी म्हटलं, चल. यात तुझं नाक कापायचा माझा काही विचार नव्हता.

इथे आल्यापासून मी रोज एकदा तरी हबकते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी पुढ्यात ज्वारीची भाकरी, करडईच्या तेलात कालवलेलं कारळाचं तिखट आणि फोडलेला कांदा ठेवला. मी हात आवरून बसले. दुर्गाबाईंना, म्हणजे सासूबाईंना, वाटलं नवी सून लाजते. मी भाताची वाट बघत होते. शेवटी कडूबाने हळूच सांगितलं की भात इथे सणाला, नाहीतर आजाऱ्याला. मी ती भाकरी कशी गिळली ते माझं मला माहीत.

बाजारात नारळ मागितला तर दुकानदाराने विचारलं, कोन्या देवाला? मी म्हटलं, कालवणाला. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि नारळ परत आत नेऊन ठेवला. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, देवाचं खाती की काय ही. मासळीचं नाव तर मी अजून घरात काढलेलं नाही.

आणि ही जमीन. उन्हाने तिला एवढ्या भेगा पडल्यात की परवा माझं उलथनं एका भेगेत गेलं आणि हात घातला तर कोपरापर्यंत आत. हिरवं म्हणून काही दिसत नाही. इथली गुरं ज्वारीची वाळकी ताटं खातात, त्याला कडबा म्हणतात. दावणीला उभा राहून आमचा बैल तो कडाकडा चावत असतो आणि मला तुझी आठवण येते. तू असतास तर कुठून तरी विळाभर कोवळं हिरवं कापून आणून त्याच्यापुढे टाकलं असतंस. बिचाऱ्याने जन्मात कधी ओलं गवत पोटभर खाल्लं नसेल.

उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होते. बघते.

शेवंती


वाटूर,
पौष शुद्ध दशमी, शके १८५६

दादा,

पुडकं मिळालं. आत चिठ्ठी नाही, नाव नाही, नुसता सुका जवळा आणि सोडे. पण पुडक्याला मारलेली गाठ तुझी आहे, ती जाळ्याची गाठ इथे कोणाला सुटेना. मी चुलीपुढे बसून रडले. सासूबाई घाबरल्या, त्यांना वाटलं माहेरी कोणी गेलं.

मग मी जवळा भाजला. दादा, तो वास आळीच्या टोकापर्यंत गेला. सासूबाई नाकाला पदर लावून जोत्यावर जाऊन बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या की सुनेने घरात काहीतरी मारून टाकलंय. तेवढ्यात शेजारची मैमूना वाटी घेऊन आली. तिला तो वास आवडला. आम्ही दोघींनी भाकरीशी खाल्ला, आणि कडूबाने लांब बसून पाहिलं. खानावळीतही तो असाच बसायचा, ताटातला बांगडा उठून आपल्याला काही विचारील अशा बेताने.

मैमूनाचे मालक इब्राहीमभाई आमच्या शेजारचे शेतकरी. त्यांचाही बैल एकच. इथे अशी रीत आहे की ज्याचा एक बैल तो दुसऱ्या एकाच्या बैलाशी जोडी जमवतो आणि दोघांची शेतं मिळून करतात. त्याला सावड म्हणतात. आमचा गुंज्या, लालसर, सरळ स्वभावाचा. त्यांचा पांढरा, वशिंड हे एवढं, आणि चारदा गोंजारल्याशिवाय उठत नाही, म्हणून त्याचं नाव नवाब. इब्राहीमभाई त्याला सकाळी सलाम करतात आणि तो मान फिरवतो. मला आधी वाटलं ते थट्टा करतात. तसं नाही, ते खरोखर वाट बघतात.

काल शेतावर हुरडा होता. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळायची, आणि गरम गरम तोंडात टाकायची. वर तीळ, गूळ, दही. पहिला घास घेतला आणि मी चकित झाले. एवढे महिने ज्या ज्वारीला मी शिव्या दिल्या तिच्या पोटात असा गोडवा आहे, हे मला कोणी आधी सांगितलं नाही. तुझी फार आठवण आली. आता तुला हे खायला घातल्याशिवाय मला राहवणार नाही.

पोळ्याला ये. श्रावणातल्या अवसेला बैलांचा सण असतो. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि त्यांना चक्क जेवायचं बोलावणं करतात. तुझ्यासारख्या गुरांच्या वेड्याने ते बघायलाच हवं.

वहिनीला सांग, गाठ सोडायला मला सुई लागली.

शेवंती


वाटूर,
आषाढ वद्य सप्तमी, शके १८५७

दादा,

तुझं कार्ड आलं, तू येतोस. मी ते कडूबाला वाचून दाखवलं, मग सासूबाईंना, मग मैमूनाला, आणि मग कोणी उरलं नाही म्हणून गुंज्याला.

मनमाडला गाडी बदल. पुढची गाडी निजामाची आहे, पाट्या वाचत बसू नकोस, माणसांना विचार. जालना गेलं की सामान आवर आणि परतूरला उतर. कडूबा छकडा घेऊन उभा असेल. त्याच्याशी बोल. तो स्वतःहून बोलणार नाही, त्याला अजून तुझी भीती वाटते.

बाकी सांगायचं म्हणजे, भात मागू नकोस, मी आपणच करणार आहे. तिखट जपून खा. सासूबाई ओरडून बोलतात, तो राग नव्हे. इब्राहीमभाईंनी हात पुढे केला तर चहाला नाही म्हणू नकोस. विहिरीवर पाणी स्वतः काढू नकोस, मोट तुला जमायची नाही. साप दिसला तर उगाच मर्दुमकी दाखवू नकोस.

पाऊस मात्र रुसलाय. मृगात पडला आणि गेला. वरची ज्वारी कशीबशी उभी आहे. नदीकडच्या पट्ट्यात दुबार पेरलं, ते वीतभर येऊन उन्हाने तिथेच खुंटलंय. पण तू येईपर्यंत पडेल. मला आता सगळं चांगलंच होईल असं वाटतंय.

शेवंती


वाटूर,
भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, शके १८५७

दादा,

तू कुठे आहेस?

तुझ्या वहाणा दाराशी आहेत. धोतर दोरीवर वाळतंय. माणूस अनवाणी किती लांब जाईल म्हणून कडूबा परतूरच्या रस्त्याने तुला शोधत गेला आणि अंधार पडल्यावर एकटाच परत आला. स्टेशनवरच्या हमालाने सांगितलं की एक अनवाणी माणूस मनमाडच्या गाडीत चढला. तो तूच असशील, असं धरून मी हे घरच्या पत्त्यावर लिहिते.

पहिलं हे ऐक. दोन्ही बैल उठले. गुंज्या उठला, नवाबही उठला. गूळपाणी पाजलं आणि उठले. आता चरतात.

तू हिरवी ज्वारी घातलीस, त्याने त्यांना बाधलं. तुला कोणी सांगितलं नव्हतं. कोणाच्या मनात काही नाही. तुझं पुरणपोळीचं ताट मी झाकून ठेवलंय.

घाईत लिहिते, अक्षर लागलं नाही तर कोणाकडून तरी वाचून घे. नुसतं पोचलो एवढं कळव.

शेवंती


वाटूर,
भाद्रपद वद्य एकादशी, शके १८५७

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "नवाब मेला हे मी पाहिलं आहे. खोटं लिहू नकोस. यापुढे काहीच लिहू नकोस."

बरं. खोटं लिहीत नाही. नवाब गेला.

पण तू अर्धंच पाहिलंस आणि पळालास. उरलेलं अर्धं मी पाहिलं आणि तेव्हापासून मी अशी सुन्न आहे की भाकरी तव्यावर करपते आणि मला कळत नाही. ते तुला ऐकावं लागेल.

आदल्या संध्याकाळचं तुला आठवत असेलच. यंदा जोडीचा मान आपल्या गोठ्याला होता म्हणून नवाब आपल्याकडे बांधला होता. तू पोतंभर नारळ आणलेस म्हणून सगळं गाव आपल्या अंगणात. इब्राहीमभाईंनी लोण्या-हळदीची वाटी तुझ्या हातात दिली आणि नवाबचा खांदा तुला मळायला सांगितला. तू मळलास. सासूबाईंनी शिकवलं तसं त्याच्या कानाशी वाकून म्हणालास, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आणि नवाबने मान फिरवली नाही. इब्राहीमभाई तुझ्याकडे बघतच राहिले. कडूबा हसला, तूही हसलास. तुम्हां दोघांना एकत्र हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तू सकाळी सगळ्यांच्या आधी उठलास, विळा घेऊन नदीकडच्या पट्ट्यात गेलास, तिथली ती खुंटलेली कोवळी ज्वारी भारा भरून कापलीस आणि दोघांपुढे टाकलीस. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला वाळकं कसं घालायचं, असंच तुझ्या मनात आलं असणार. आपल्याकडे बांधावरचं कोवळं गवत म्हणजे गुरांचं पक्वान्न. इथे उन्हाने खुंटलेली कोवळी ज्वारी म्हणजे विष. त्याला किराळ लागणं म्हणतात. इथलं रांगतं पोरही जनावराला तिच्याकडे फिरकू देत नाही. म्हणून ते कोणी सांगत नाही, आग भाजते हे जसं कोणी पाहुण्याला सांगत नाही. मलाही ठाऊक नव्हतं. आणि त्या पहिल्या पत्रात मीच लिहिलं होतं, तू असतास तर हिरवं कापून घातलं असतंस म्हणून. ते वाक्य आता मला जेवू देत नाही.

मी पुरण वाटत होते. धप्पकन आवाज आला, मग दुसरा. बाहेर आले तर दोन्ही बैल आडवे, तोंडाला फेस, पाय ताठ, नवाबचे डोळे पांढरे झालेले. तू भाऱ्यापाशी विळा घेऊन उभा. कडूबा ओरडला, किराळ लागली. इब्राहीमभाई कुंपणावरून उडी मारून आले आणि तुझ्यावर ओरडले, "किसने काटा? कितना खाया?" आणि तू विळा टाकून पळालास.

दादा, ते तुला मारायला आले नव्हते. किती खाल्लं ते कळलं तर किती गूळपाणी पाजायचं ते ठरतं, म्हणून विचारत होते. त्यांना घाईत मराठी सुचली नाही.

आता तू न पाहिलेलं. पोळीसाठी काढलेला गूळ होता तेवढा मी आणि मैमूनाने पाण्यात कालवला. दोन तांबे भरले. एक कडूबाने घेतला, एक इब्राहीमभाईंनी. आणि कडूबा नवाबकडे धावला, इब्राहीमभाई गुंज्याकडे. ज्याचा त्याचा बैल सोडून एकमेकांच्या. मी ओरडले, अहो तुमचा तिकडे. कोणी वळलं नाही. कडूबाने नवाबचं डोकं मांडीवर घेतलं, जबडा उघडला, पाणी ओतलं, ते बाजूने वाहून गेलं. इब्राहीमभाई गुंज्याला पाजत होते आणि नवाबकडे एकदाही बघत नव्हते. गुंज्याने पाणी गिळलं. थोड्या वेळाने कान हलवला. नवाबने हलवला नाही.

तेव्हा कुठे इब्राहीमभाई उठून इकडे आले. नवाबच्या खांद्यावर तुझी हळद तशीच होती. त्यांनी त्याला सलाम केला आणि तिथेच बसले.

आळी जमली. कोणीतरी म्हणालं, कोकण्यानं घात केला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. माझ्या जवळ्याच्या वासाने जोत्यावर जाऊन बसलेली हीच बाई. त्या म्हणाल्या, "पाव्हण्याला सांगायचं काम घरच्याचं. म्या सांगितलं न्हाई. जे बोलायचं ते मला बोला." आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आळी पांगली. 

तिसऱ्या दिवशी कडूबाने गुंज्याला सोडला आणि इब्राहीमभाईंच्या दारात नेऊन बांधला. आपल्या गोठ्यात सावडीचा बैल गेला तर आपला द्यायचा, अशी रीत आहे म्हणाला. इब्राहीमभाईंनी तो आपल्या गोठ्यात घेतला. आता आपला गोठा रिकामा आहे.

हे सगळं लिहिल्यावर तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. म्हणूनच मी आधी खोटं लिहिलं. पण बंदरावर भाऊ मला एकदा मेला, तो दोनदा मरायला नको आहे.

शेवंती


वाटूर,
कार्तिक शुद्ध द्वितीया, शके १८५७

दादा,

आज भाऊबीज. तुझ्या वहाणांना ओवाळलं म्हटलं तर तू हसशील. हसलास तर बरंच. वहिनीने कोणाकडून तरी दोन ओळी लिहवून घेऊन पाठवल्या, की तू घरी आहेस, जेवतोस, पण गोठ्यात पाऊल टाकत नाहीस आणि गुरांना चारा तिलाच घालावा लागतो.  ज्याच्या हातून वासरं दूध सोडून गवत खायला शिकली, तो माणूस गोठ्यात जात नाही.

मागचं पत्र वाचलंस की नाही ते ठाऊक नाही. तरी पुढचं लिहिते.

आश्विनात पाऊस पडला, उशिरा पण चांगला. इथे पाऊस पडून गेल्यावर काळ्या जमिनीत पेरण्याजोगी ओल थोडेच दिवस राहते, त्याला वापसा म्हणतात. तेवढ्यात रब्बीची ज्वारी पेरली तर वर्षाची भाकरी. सगळं गाव एकदम शेतात उतरतं, कोणाचा बैल कोणाला मिळत नाही. मी रिकाम्या गोठ्याकडे बघत बसले होते. एवढ्यात इब्राहीमभाई गुंज्याला घेऊन अंगणात आले. कडूबाला म्हणाले, "चल, पेरनी कराची."

कडूबा म्हणाला, "बैल तुमचा हाये आता. माझं काय?"

"सावड मोडली का?"

"न्हाई."

"मंग? माझा बैल आन्लाय मी बराबर. तुझा कुठाय?"

मला वाटलं, आता हिशेब काढायला आले.   कडूबाने खांद्यावरचा शेला काढला, खांद्यावर हात मारला आणि म्हणाला, "ह्यो काय."

दादा, मी थट्टा समजले. थट्टा नव्हती. शेतात जाऊन त्यांनी जू चढवलं. एका बाजूला गुंज्या, दुसऱ्या बाजूला माझा नवरा. तिफणीवर, म्हणजे पेरायच्या औतावर, इब्राहीमभाई, बी सोडायला मैमूना आणि मी. मी नळ्यांत दाणे सोडत होते आणि पुढे बघू शकत नव्हते. गुंज्या एवढा समंजस, कडूबा अडखळला की तो आपणच थांबायचा. शेजारच्या शेतातल्या माणसांनी औतं थांबवली आणि बघत राहिले. कोणी हसलं नाही.

दुपारी भाकरी खाऊन उठलो तर इब्राहीमभाईंनी कडूबाला तिफणीवर ढकललं आणि जू आपल्या खांद्यावर घेतलं. कडूबा म्हणाला, तुमचा बैल तर आहे जुवाला, तुम्ही कशाला. ते म्हणाले, "गप. नवाब असता तर तो वढला असता. त्याच्या जागी मी." मग वापसा असेपर्यंत ते आळीपाळीने ओढत राहिले. आधी आपलं शेत, मग त्यांचं. अर्धंच पेरून झालं, बाकीची ओल उडाली.

जे पेरलं ते उगवलंय. आज जाऊन बघितलं, ओळी वाकड्या आहेत. माणूस बैलासारखा सरळ चालत नाही.

हे तुला टोचावं म्हणून लिहिलेलं नाही. तुझ्यामुळे झालं नाही असंही नाही म्हणत, तुझ्यामुळेच झालं ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण इथे त्यावर कोणी तुझं नाव घेत नाही. घेतलं तर इब्राहीमभाई घेतात, आणि तेही हे विचारायला, की तुमच्या भाईचं खत, म्हणजे पत्र, आलं का.

शेवंती


वाटूर,
श्रावण वद्य चतुर्दशी, शके १८५८

दादा,

वर्षभरात तुझं एक अक्षर नाही. मीही लिहायचं सोडलं होतं. पण आज संध्याकाळी जे झालं ते सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही, म्हणून चुलीच्या उजेडात लिहिते. अजून माझ्या बोटांना हळद आहे, कागदाला लागली तर पुसू नकोस.

आज खांदमळणी होती. यंदा मान इब्राहीमभाईंच्या गोठ्याला. तिथे गुंज्या बांधलेला, आणि शेजारी एक नवा खोंड. इब्राहीमभाईंच्या गायीचाच, नवाब खच्ची होण्याआधीचा त्याचा. तोच रंग, आणि मान फिरवायची खोडही तीच. अजून त्याच्या खांद्याला जू लागलेलं नाही.

सासूबाई वाटी घेऊन बसल्या. आधी गुंज्याचा खांदा मळला. मग खोंडाकडे वळतील असं मला वाटलं, तर त्यांनी वळून कडूबाला आणि इब्राहीमभाईंना म्हटलं, "बसा खाली."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाई ओरडल्या, "बसा म्हन्ते ना. ज्यानं जू वाह्यलं त्याचा खांदा मळायचा. त्या खोंडानं काय वाह्यलंय अजून?"

दोघं दावणीपाशी बसले, बैलांच्या रांगेत. कडूबाने सदरा उतरवला. इब्राहीमभाई लाजत होते, मैमूनाने पुढे होऊन त्यांचा सदरा खांद्यावरून सरकवला. दादा, वर्ष होत आलं तरी दोघांच्याही खांद्यावर जुवाचा वळ तसाच आहे, गुळगुळीत आणि काळा. सासूबाईंनी कडूबाचा खांदा मळला. मग लोणी-हळद घेतली आणि इब्राहीमभाईंचा. या बाईने माझ्या हातचं पाणी प्यायला सहा महिने लावले होते. इब्राहीमभाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मी तोंडात पदर कोंबून उभी होते.

मग सासूबाई तिघांच्या कानाशी वाकल्या, बैलाच्या आणि दोन्ही माणसांच्या, आणि म्हणाल्या, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

मैमूना हसायला लागली आणि मग आम्ही सगळेच हसलो. मला वाटलं झालं. पण इब्राहीमभाई उठले, त्या खोंडाच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून बोलले. ते जसं बोलले तसंच लिहिते.

"भाबी, तुमच्या भाईला खत लिहा. ह्या खोंडाला मी जुवाला लावनार न्हाई. पयला घास तुमच्या भाईच्या हातानं खाईल, मंग जू. तोवर न्हाई."

कडूबा चमकला. म्हणाला, "भाई, पुढच्या महिन्यात वापसा आला तर?"

"आला तर आला."

"मंग पेरायचं कशानं?"

इब्राहीमभाईंनी खांद्यावर हात मारला आणि म्हणाले, "ह्यो काय."

दादा, मी त्यांना ओळखते. ते थट्टा करत नाहीत. नवाबच्या सलामाचं जसं करायचे तसंच हे आहे, ते वाट बघतील. खोंड दावणीला उभा राहील, आणि गुंज्याच्या बाजूला पुन्हा एक माणूस चालेल. एक दिवस कडूबा, एक दिवस ते. शेतातल्या ओळी वाकड्या येतील. मी त्यांना सांगून बघितलं की माझा भाऊ गोठ्यात पाऊल टाकत नाही, चाऱ्याला हात लावत नाही. ते म्हणाले, "मालूम हाये. म्हनूनच."

 यावर काय बोलायचं, ते तू बघ.

हे पत्र पोचेल तेव्हा पोळा होऊन गेलेला असेल. सासूबाई म्हणतात, जाऊ दे, ताट मी रोज झाकून ठेवीन. गाडी तीच आहे, मनमाडला बदल, परतूरला उतर. वहाणा आणू नकोस, इथे आहेत. येताना हिरवं काही आणू नकोस. वाळका कडबा मी निवडून वेगळा ठेवलाय, पेंढी तुझ्या हाताला बसेल एवढीच बांधली आहे.

तुझ्या कानाशी वाकता येत नाही म्हणून इथून म्हणते. दादा, आज आवतन घे. उद्या जेवायला ये.

शेवंती